सात विम्बल्डन, पण त्यांतली वजनदार किती? डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स यांच्या कारकिर्दीचा हिशेब

प्रश्न असा आहे: २०२५ च्या विम्बल्डनमध्ये इगा स्वियातेकने अमांडा अनिसिमोव्हाला अंतिम सामन्यात ६-०, ६-० असं धुतलं, तेव्हा जो तो सांगत होता की महिलांच्या अंतिम सामन्यात असं १९११ नंतर पहिल्यांदाच घडलं. १९११ ची ती विजेती म्हणजे इंग्लंडच्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. त्यांच्या नावावर एकेरीची सात विजेतेपदं आहेत. पण त्या काळी गतविजेतीला फक्त एकच सामना खेळावा लागायचा. मग या सात विजेतेपदांना आज किती किंमत द्यायची? सात सामने खेळून एक ट्रॉफी मिळवणाऱ्या आजच्या पोरींशी त्यांची तुलना तरी होऊ शकते का?

मी बरीच वर्षं प्रशिक्षक म्हणून कोर्टावर उभा आहे, अधूनमधून पंचाच्या उंच खुर्चीतही बसलो आहे. त्यामुळे जुन्या स्कोअरकडे बघताना मला आधी स्पर्धा कशी चालायची ते समजून घ्यायची खोड लागली आहे. इथेही तिथूनच सुरुवात करू. नाहीतर आकडे फसवतात, आणि दोन्ही बाजूंनी फसवतात.

१९२१ पर्यंत विम्बल्डनची रचना आजच्यासारखी नव्हती. गतविजेती सोडून बाकी सगळ्या जणी एका ड्रॉमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांच्या तक्त्यात, खेळायच्या. त्याला 'ऑल-कमर्स' म्हणत. त्यातून जी वर यायची ती गतविजेतीला आव्हान द्यायची, आणि हा सामना म्हणजे 'चॅलेंज राउंड'. गतविजेती त्या वर्षी आलीच नाही तर ऑल-कमर्सचा अंतिम सामना हाच किताबाचा सामना ठरायचा. पुरुषांनाही हाच नियम होता. १९२२ मध्ये ही पद्धत बंद झाली. स्पर्धाही त्याच वर्षी वर्पल रोडच्या जुन्या जागेवरून चर्च रोडच्या आजच्या जागेत आली.

आता चेंबर्सबाईंची सात वर्षं एकेक करून पाहू: १९०३, १९०४, १९०६, १९१०, १९११, १९१३, १९१४.

१९०३ साली त्या अजून कुमारी डग्लस होत्या. ईलिंगच्या एका पाद्र्याची ही मुलगी, वय चोविशीचं. आदल्या वर्षीची विजेती म्युरिएल रॉब आली नव्हती, म्हणजे किताब ऑल-कमर्समधूनच ठरणार होता. अंतिम सामन्यात एथेल थॉमसनविरुद्ध पहिला सेट गमावून त्यांनी ४-६, ६-४, ६-२ असा विजय मिळवला. १९०६ मध्ये गतविजेती होती अमेरिकेची मे सटन, म्हणजे ऑल-कमर्समधून वर येऊन तिला हरवायचं होतं, आणि ते त्यांनी ६-३, ९-७ असं केलं. १९१० मध्ये पुन्हा तेच: सगळा ड्रॉ पार केला आणि वर गतविजेत्या डोरा बूथबीला ६-२, ६-२ हरवलं. १९१३ मध्ये गतविजेती एथेल लार्कम (दहा वर्षांपूर्वीची थॉमसनच, लग्नानंतरचं नाव) मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात डोळ्याला चेंडू लागून जखमी झाली आणि किताब राखायला उतरू शकली नाही. चेंबर्सबाई ऑल-कमर्समधून आल्या आणि विनिफ्रेड मॅकनेअरला ६-०, ६-४ हरवून जिंकल्या.

म्हणजे सातपैकी चार विजेतेपदं पूर्ण ड्रॉ खेळून मिळवलेली आहेत. उरली १९०४, १९११ आणि १९१४. या तीन वर्षी त्या गतविजेत्या होत्या आणि प्रत्येक वर्षी त्यांना एकच सामना खेळावा लागला. तुम्ही ज्या सामन्याबद्दल विचारलंत, तो १९११ चा ६-०, ६-० चा सामना याच तीनांपैकी.

इथे बहुतेक लोक हात झटकतात आणि म्हणतात, चला, तीन वजा करा, चार उरले. पण एक मिनिट. तो एक सामना खरोखर फुकटचा होता का?

१९०३ ते १९१४ या बारा वर्षांत महिलांचा चॅलेंज राउंड प्रत्यक्षात सातच वेळा खेळला गेला, बाकी वर्षी गतविजेती आली नाही किंवा उतरू शकली नाही. त्या सात सामन्यांपैकी गतविजेती जिंकली तीन वेळा. चार वेळा आव्हान देणारीने बाजी मारली: १९०५ आणि १९०७ मध्ये मे सटनने चेंबर्सबाईंना हरवलं, १९०६ मध्ये चेंबर्सबाईंनी सटनला, १९१० मध्ये बूथबीला. आणि गतविजेती म्हणून ज्या तीन वेळा किताब राखला गेला, त्या तीनही वेळा राखणाऱ्या चेंबर्सबाईच होत्या. त्या एक तपात दुसऱ्या कुणालाच ते जमलं नाही. ज्या जागेला आपण आयती जागा म्हणतो, तिथे बसलेली माणसं निम्म्याहून जास्त वेळा घसरून पडली.

असं का व्हावं, हे कोर्टावर उभं राहिलं की कळतं. आव्हान देणारी खेळाडू त्याच हिरवळीवर चार-पाच सामने खेळून आलेली असते. चेंडू किती खाली बसतोय, बेसलाइनजवळ, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेजवळ, गवत कुठे झिजलंय, वारा कोणत्या टोकाकडून येतो, पाय कुठे सरकतो, हे तिच्या अंगात मुरलेलं असतं. गवतावर चेंडूची उसळी आधीच कमी, त्यात ती जागोजागी बदलते. दुहेरीचे सामने खेळून हात चालू ठेवता येतो, पण एकेरीत कोर्ट एकटीने झाकायचं असतं, तिथली पावलं वेगळी. विश्रांती घेऊन ताजी आलेली खेळाडू पहिल्या चार-पाच गेममध्ये चेंडू उशिरा घेते, हे मी जिल्हा पातळीच्या स्पर्धांतही नेहमी बघतो. पहिल्या फेरीत 'बाय' (न खेळताच पुढची चाल) मिळालेली मानांकित मुलगी दुसऱ्या फेरीत अडखळते ती याच कारणाने. चेंबर्सबाईंना तर एकाच सामन्यात गाडी सुरू करायची आणि तिथेच जिंकायचं होतं. म्हणून १९११ मध्ये पहिल्या गेमपासून एकही गेम न देता उतरणं मला फार मोठी गोष्ट वाटते. समोर कुणी ऐरीगैरी नव्हती, डोरा बूथबी स्वतः १९०९ ची विजेती होती.

अर्थात दुसरी बाजूही सांगायला हवी. ड्रॉ आजच्या १२८ च्या ड्रॉपेक्षा खूप छोटे असत. खेळणाऱ्या बहुतेक ब्रिटिश, आणि त्यातही क्लबचं सभासदत्व, मोकळा वेळ आणि घरचा पैसा असलेल्या वर्गातल्या. परदेशी खेळाडू तुरळक. १९०८ चं ऑलिम्पिक सुवर्णपदकही त्यांच्या नावावर आहे, अंतिम सामन्यात पुन्हा बूथबीच. पण त्या स्पर्धेतून इतक्या जणींनी माघार घेतली की त्या पदकाला मी फारसं वजन देत नाही. त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनमध्ये त्या शार्लट कूपर-स्टेरीकडून हरल्या, आणि स्टेरीने सदतिसाव्या वर्षी किताब जिंकला. त्या आजही विम्बल्डन एकेरीच्या सर्वांत वयस्कर विजेत्या आहेत. पदकापेक्षा हा पराभव मला जास्त बोलका वाटतो.

आणि मे सटन. इंग्लंडात जन्मलेली, कॅलिफोर्नियात वाढलेली ही मुलगी १९०५ मध्ये अठराव्या वर्षी आली, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळून खेळली आणि अमेरिकेला विम्बल्डन एकेरीचं पहिलं विजेतेपद मिळवून देऊन गेली. तिचा फोरहँड जोरदार फिरकीचा होता, चेंडू आपटून वर उसळायचा. इंग्लिश बायकांना सपाट, खाली राहणाऱ्या चेंडूची सवय. विम्बल्डनच्या चॅलेंज राउंडमध्ये या दोघी तीनदा भेटल्या आणि सटन २-१ अशी पुढे राहिली. बाहेरची ताकदवान खेळाडू आली की चेंबर्सबाईंचं वर्चस्व निर्विवाद राहत नसे, हे मान्य करावंच लागतं.

त्यांचा स्वतःचा खेळ बेसलाइनवरचा. दोन्ही बाजूंनी लांब, खोल ड्राइव्ह, मध्येच एखादा अलगद ड्रॉप, आणि मुख्य म्हणजे चूक न करण्याचा हट्ट. प्रतिस्पर्धी काय मारणार हे त्या आधी ओळखत, त्यामुळे पळापळ कमी दिसायची. १९१० मध्ये त्यांनी महिलांसाठी टेनिसचं एक पुस्तक लिहिलं. त्यात पेहरावावरही सल्ला आहे: चुण्या नसलेला साधा स्कर्ट घाला आणि तो जमिनीपासून चार-पाच इंच वर ठेवा. आज हसू येईल, पण त्या वेळी हे धीट म्हणणं होतं. घोट्यापर्यंतचा स्कर्ट, लांब बाह्या, आत कमर आवळणारं कॉर्सेट, एवढं अंगावर घेऊन या बायका खेळत. ही अट सगळ्याच जणींना सारखी होती, म्हणून तुलनेत ती वजा होते असं म्हणता येईल. पण पुढे १९१९ मध्ये ती सारखी राहिली नाही.

एक मराठी धागा इथे अनपेक्षितपणे हाती लागतो. चेंबर्सबाई बॅडमिंटनमध्येही अव्वल होत्या: ऑल इंग्लंड स्पर्धेत १९०३ ला महिला दुहेरी, १९०४ ला मिश्र दुहेरी. त्यांची टेनिसमधली जुनी प्रतिस्पर्धी एथेल थॉमसन तर ऑल इंग्लंडची एकेरी पाच वेळा जिंकली. या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी बांधले, आणि काही काळ खेळाला 'पूना' असंच नाव होतं. म्हणजे १९०३ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात नेटच्या दोन्ही बाजूंना पुण्याकडून गेलेल्या खेळात मुरलेल्या दोघी उभ्या होत्या. मनगटाची लवचिकता आणि चटकन पाऊल टाकणं हे बॅडमिंटनमधून टेनिसमध्ये येतं, हा माझा अनुभव आहे. माझ्या हाताखालच्या मुलांना मी पावसाळ्यात मुद्दाम बॅडमिंटन खेळायला लावतो.

चेंबर्सबाई हौशी खेळाडू होत्या. हौशी म्हणजे काय, हेही सांगतो, कारण आज तो शब्द कमी दर्जाचा वाटतो. त्या काळी विम्बल्डन, ऑलिम्पिक आणि सगळ्या मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंच्याच होत्या. बक्षिसाचे पैसे नाहीत. पैसे घेऊन टेनिस शिकवलं की खेळाडू व्यावसायिक ठरायचा आणि या स्पर्धांचं दार बंद व्हायचं. म्हणजे हौशी खेळाडू हाच सर्वोच्च दर्जाचा खेळाडू. या व्यवस्थेत गरीब घरातली मुलगी वर येणं जवळजवळ अशक्य होतं. डोरोथियाचे वडील धर्मगुरू, फार श्रीमंत नव्हेत, पण क्लब परवडेल असं घर. १९०७ मध्ये रॉबर्ट लॅम्बर्ट चेंबर्स यांच्याशी लग्न झालं, आणि सातपैकी चार विजेतेपदं, १९१० पासूनची सगळी, त्यांनी आई झाल्यावर मिळवली. किम क्लायस्टर्सच्या वेळी आई होऊन पुन्हा जिंकल्याचं केवढं कौतुक झालं होतं, ते आठवा.

१९१४ ला सातवं विजेतेपद आलं: गतविजेत्या म्हणून उतरल्या आणि लार्कमला ७-५, ६-४ हरवलं. काही आठवड्यांत महायुद्ध पेटलं. १९१५ ते १९१८ विम्बल्डन झालंच नाही. पाच वर्षं त्या न खेळता गतविजेत्या राहिल्या.

आणि मग १९१९. माझ्या मते त्यांची कारकीर्द जोखायची असेल तर १९११ चा विजय बाजूला ठेवा आणि हा पराभव बघा.

समोर वीस वर्षांची फ्रेंच मुलगी सुझान लेंग्लेन. हिरवळीवरची तिची ही पहिलीच मोठी स्पर्धा. पोटरीपर्यंतचा सैल झगा, कॉर्सेट नाही, हात मोकळे. इकडे चाळीस वर्षांच्या बाई, जुन्याच थाटातल्या लांब स्कर्टमध्ये. वर राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी प्रेक्षागृहात. लेंग्लेन एलिझाबेथ रायनसारख्या खेळाडूंना हरवून सेटल झालेली, बाईंचा एकेरीचा पहिलाच सामना. वर सांगितलेला चॅलेंज राउंडचा तोटा आणि वीस वर्षांचं अंतर, दोन्ही एकाच वेळी अंगावर.

पहिला सेट लेंग्लेनने १०-८ असा घेतला. बरोबरीतला सेट एकाच निर्णायक गेमने संपवणारा टायब्रेक विम्बल्डनला आला १९७१ मध्ये, त्यामुळे तेव्हा दोन गेमचं अंतर पडेपर्यंत खेळत राहायचं. एवढा लांब सेट गमावल्यावर चाळिशीची खेळाडू कोसळेल असं कुणालाही वाटलं असतं. बाईंनी दुसरा सेट ६-४ असा घेतला. लेंग्लेन दमली, तिच्या वडिलांनी तिला ब्रँडी पाजून उभं ठेवल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. तिसऱ्या सेटमध्ये लेंग्लेन ४-१ पुढे गेली. तिथून बाईंनी एकेक गेम खेचत ६-५ अशी आघाडी घेतली आणि ४०-१५ वर आल्या. दोन मॅच पॉइंट. आठवं विजेतेपद एका चेंडूवर.

पहिला मॅच पॉइंट लेंग्लेनने वाचवला तो रॅकेटच्या लाकडी कडेवरून. नीट बसलाच नव्हता तो फटका, पण चेंडू नेटवरून कसाबसा पलीकडे जाऊन मेला. दुसरा तिने सरळ रेषेत बॅकहँड मारून वाचवला, आणि तो मात्र निखळ कौशल्याचा होता. शेवट ९-७ लेंग्लेनकडे.

एकूण ४४ गेम. महिलांच्या अंतिम सामन्याचा हा विक्रम १९७० पर्यंत टिकला, मग मार्गारेट कोर्टने बिली जीन किंगला १४-१२, ११-९ असं हरवलं तेव्हा ४६ गेम झाले. (चिकित्सकांसाठी: १९०२ मध्ये रॉब आणि स्टेरी यांचा सामना एकेक सेटच्या बरोबरीत पावसाने थांबला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून पुन्हा खेळवला गेला. दोन्ही दिवस मिळून ५३ गेम होतात, पण पहिल्या दिवसाचे ३४ धरत नाहीत.)

लाकडी कडेवरचा तो चेंडू नेटमध्ये पडला असता तर आठ विजेतेपदं झाली असती, आणि लेंग्लेनचं युग वर्षभर उशिरा सुरू झालं असतं. त्याहून मोलाची गोष्ट मला ही वाटते: खेळाच्या पुढच्या पिढीची सर्वांत मोठी खेळाडू तिच्या ऐन उमेदीत, मोकळ्या कपड्यांत आणि सरावलेल्या अवस्थेत उभी असताना, मागच्या पिढीची बाई तिच्यापासून एका गुणावर होती. त्यामुळे १९१४ पूर्वीची स्पर्धा कच्ची होती, म्हणून विजेतेपदंही कच्ची, हा युक्तिवाद माझ्या लेखी इथे बराच लंगडा पडतो.

पुढच्या वर्षी त्यांनी आणखी अवघड काम केलं. गतविजेतीपद गेलं होतं, म्हणजे पूर्ण ड्रॉ खेळणं आलं. एकेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मोला मॅलरी आणि एलिझाबेथ रायन यांना हरवत ऑल-कमर्स जिंकलं आणि पुन्हा लेंग्लेनसमोर उभ्या राहिल्या. या वेळी मात्र ६-३, ६-० असा सरळ पराभव. लेंग्लेन वर्षभरात फार पुढे गेली होती. एकेरीच्या किताबासाठीचा तो त्यांचा अकरावा सामना होता.

१९२५ चा प्रसंग बहुतेकांना माहीत नसतो. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या वाइटमन कप लढतीसाठी त्या अमेरिकेत फॉरेस्ट हिल्सला गेल्या, वय शेहेचाळीस. एकेरीत त्यांनी एलिनॉर गॉसला तीन सेटमध्ये हरवलं. दुहेरीत एर्मिन्ट्रूड हार्वेला जोडीला घेऊन मोला मॅलरी आणि मे बंडी यांना हरवलं. मे बंडी म्हणजे वीस वर्षांपूर्वीची मे सटन. ब्रिटनने ती लढत ४-३ अशी जिंकली, म्हणजे बाईंचे दोन विजय नसते तर कप अमेरिकेकडे गेला असता. १९२८ मध्ये त्यांनी व्यावसायिक प्रशिक्षक व्हायचं ठरवलं आणि हौशी स्पर्धांचं दार स्वतःहून बंद केलं. १९६० मध्ये त्या गेल्या.

आता सातातून तीन वजा करण्याबद्दल. करायची असेल तर जरूर करा, पण मग सगळ्यांचीच करा. एकोणिसाव्या शतकातल्या विल्यम रेनशॉची पुरुष एकेरीची सात विजेतेपदं आपण पीट सॅम्प्रसच्या सातांशेजारी बिनदिक्कत लिहितो. त्यांतली पाच, १८८२ ते १८८६, चॅलेंज राउंडच्या एकेका सामन्यात आलेली आहेत. पूर्ण ड्रॉ खेळून आली ती १८८१ आणि १८८९ ची दोनच. न्यूझीलंडच्या टोनी वाइल्डिंगच्या चारपैकी तीन तशीच. लेंग्लेनच्या सहापैकी १९२० आणि १९२१ ची दोन तशीच. हा नियम सगळीकडे लावला तर चेंबर्सबाईंकडे चार उरतात, लेंग्लेनकडेही चार, रेनशॉकडे दोन आणि वाइल्डिंगकडे एक.